तिसरा नियम

सकाळची घाई होती. दूध वर यायला आलं होतं, मुलीचा एक मोजा सापडत नव्हता आणि नवरा आंघोळीला जाऊन बसला होता. तेवढ्यात दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावरचे भावोजी उभे होते, हातात चार कागद.

"वहिनी, एवढं वाचता का? दहा वाजता चौकशी समितीला द्यायचंय."

भावोजी एका मोठ्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळतात. सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट तिथल्या यंत्रावर तयार होतात, आणि कोणतं काम आधी घ्यायचं ते ठरवणारे नियम भावोजींनी लिहिलेले. त्यांची बायको चारचौघांत म्हणते, "हे जगाच्या रांगा लावतात, घरात यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही!" भावोजी नुसते हसतात.

त्यांनी दोन पद्धती एकत्र केल्या होत्या. एरवी ज्याची मुदत जवळ, ते काम आधी. पण गर्दी फार झाली की या नियमानं सगळ्यांनाच थोडाथोडा उशीर होतो, वेळेवर कुणीच नाही. म्हणून गर्दीत नियम बदलायचा: छोटं काम आधी. रांग ओसरली की पुन्हा पहिला. तीन वर्षं हजारात एखाद्याच कामाची मुदत चुकली. सगळ्यांनी पाठ थोपटली.

ते चुकणारं एक काम कोणतं, हे मात्र भावोजींनी कधी बघितलं नाही. ते नेहमी लांबलचक कामच असायचं.

सलग सुट्ट्यांनंतरच्या सोमवारी गर्दी ओसरलीच नाही. एका शिक्षिकेच्या मेंदूच्या स्कॅनचं काम मोठं होतं आणि डॉक्टरांना ते दुपारी तीनला हवं होतं. पण दर मिनिटाला एखादं छोटं काम यायचं आणि तिच्या पुढे जाऊन बसायचं. रिपोर्ट निघाला सात वाजता. तोवर तिचा उजवा हात लुळा पडला होता, कायमचा.

हॉस्पिटलातले साहेब भावोजींना म्हणाले, "यंत्र बिघडलं असं लिहू. तुमच्यावर काही येणार नाही."

"यंत्रानं मी सांगितलं तेच केलं," भावोजी म्हणाले. तेव्हापासून त्यांची चौकशी चालू आहे आणि त्यांना यंत्राला हात लावायची मनाई आहे. नियम तसेच चालू आहेत.

मी गॅस बंद केला आणि उभ्या उभ्याच वाचलं. चारही पानं नुसती माफी.

"भावोजी, यात तुमचं मागणं कुठाय?"

"कुठल्या तोंडानं मागू, वहिनी?"

नवरा डोकं पुसत बाहेर आला. "अरे, निदान नोकरी तरी माग! का तीही रांगेत उभी केलीस?"

कुणीच हसलं नाही.

"नोकरी जाईल तर जाईल," भावोजी म्हणाले. "पण शुक्रवारपासून पुन्हा तीन दिवस सुट्टी आहे. पुन्हा तसाच सोमवार येणार. जे काम जितकं थांबलंय, तितका त्याचा नंबर वर सरकायला हवा. एवढाच तिसरा नियम. घरी लिहिलाय, दहादा तपासलाय. पण तो बसवू कसा?"

"मग हेच लिहा की. बाकी सगळं खोडा."

मी पेन दिलं. ते ओट्यावरच कागद ठेवून वाकले. चारही पानांवर काट मारली आणि खाली एका दमात लिहिलं:

'मला काढायचं तर काढा. त्याआधी कुणालाही शेजारी बसवा, पण मला एक तास यंत्रावर बसू द्या.'