बोट उचलायचं नाही

माझ्या पाठ-जोडीदारणीइतके धक्के मला आयुष्यात दुसऱ्या कुणीच दिलेले नाहीत, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मुंबईत शिकलेली बाई म्हणून हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे. त्या दिवसांत सकाळी दूध आणायला जावं तर नाक्यावर अश्रुधुराचा वास यायचा आणि दुपारी कॉलेजला निघावं तर रस्ताच बंद असायचा. त्याची हळूहळू सवय झाली. हिची मात्र कधीच झाली नाही.

शिक्षिका होण्यासाठी आम्ही दोघी दादरच्या एका ट्रेनिंग कॉलेजात होतो. तिथे सरावपाठ जोडीनं असत. एकीनं शाळेत जाऊन वर्ग घ्यायचा, दुसरीनं मागच्या बाकावर बसून तिचं निरीक्षण करायचं. मी गिरगावातली, आमच्या घरात कुणी मोठ्यानं हसलं तर वडील आधी खिडकी लावून घ्यायचे. ती लालबागच्या चाळीतली, मूळची मालवणकडची. आई गिरणीकामगारांची खानावळ चालवायची, त्यामुळे हिचा आवाज पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशा बेतानं घडलेला. वडिलांची छाती गिरणीतल्या कापसानं गेली होती आणि ते घरीच असत. प्रमाणपत्र मिळालं तर म्युनिसिपालिटीच्या शाळेत नोकरी, नाही मिळालं तर आईशेजारी चुलीपुढे बसायचं, असा तिचा सरळ हिशेब होता. हे ती मला पहिल्याच दिवशी, शेंगदाणे खाता खाता, अगदी सहज सांगून मोकळी झाली. मी इतकी चपापले की माझ्या हातातले शेंगदाणे सांडले.

तिच्याबरोबर रस्त्यानं चालणं ही एक शिक्षाच होती. दिसेल ती पाटी ती वाचायची, आणि वाचायची म्हणजे शेवटपर्यंत. दुकानाचं नाव, मालकाचं नाव, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात रंगाऱ्यानं घातलेलं स्वतःचं नाव, सगळं. परळहून लालबागला जाताना आम्हाला कायम उशीर व्हायचा. 'येथे थुंकू नये' असं वाचून सभ्य माणसं पुढे जातात. ही खालचं 'हुकमावरून' वाचायची आणि तिथे बसलेल्या रखवालदाराला विचारायची की हुकूम कुणाचा. त्या बिचाऱ्याला आयुष्यात हा प्रश्न पडलेला नसायचा. एकदा एकानं घाबरून 'माझा नाही हो' म्हणून हात जोडले होते. मी पलीकडच्या फुटपाथवर जाऊन आपण हिला ओळखत नाही असं दाखवायची. मग तिकडून ती मला माझ्या नावानं हाक मारायची.

श्रावणात मी तिला घरी जेवायला बोलावलं, तेव्हा तर कहरच झाला. आमच्याकडे शुक्रवारी आई कहाणी वाचायची आणि आम्ही सगळ्या हातात तांदळाचे दाणे घेऊन ऐकायचो. म्हणजे ऐकतो असं आम्हाला वाटायचं; खरं तर मनात पुरणाच्या पोळ्या असायच्या. कहाणीतली धाकटी सून उपाशीपोटी गोठ्यात जाऊन बसली, तिला देवी भेटली, इथपर्यंत आलं आणि जोडीदारणीनं हात वर केला. आईच्या वाचनाला आजवर कुणी हात वर केला नव्हता.

"काकू, देवी भेटली ते ठीक. पण ती जेवली कधी?"

आत्याच्या मुठीतले दाणे गळून पडले. आईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग पोथीकडे पाहिलं, मग दोन पानं मागे उलटली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आई पुढे वाचत राहिली. पण संध्याकाळी भांडी लावताना ती एकदम म्हणाली, "खरंच गं, त्या पोरीला कुणी जेवायलाच घातलं नाही." इतकी वर्षं ती कहाणी वाचत आली होती. त्यानंतर दर श्रावणात ती माझ्याजवळ जोडीदारणीची चौकशी करायची.

आता भिंतीची गोष्ट. लालबागच्या एका शाळेत दुसरीचा वर्ग आम्हाला सरावाला दिला होता. वाचनपाठाची पद्धत ठरलेली होती. आधी बाईंनी एकदा वाचून दाखवायचं, मग मुलांनी मागून वाचायचं, मग सगळ्यांनी एका सुरात. मुलं इतकं खणखणीत वाचायची की मला कौतुक वाटायचं. जोडीदारणीनं एक दिवस पहिल्या बाकावरच्या मुलीजवळ जाऊन पाहिलं, तर पोरगी सशाचा धडा धडाधड म्हणत होती आणि तिच्यापुढे पान उघडं होतं बैलगाडीचं. "ही पोरं वाचत नाहीत गो, गातात," ती मला म्हणाली. आणि पुस्तकं मिटायला लावून तिनं अख्खा वर्ग शाळेबाहेर काढला. पाठ चालू असताना वर्ग बाहेर. मी मागच्या बाकावर बसल्या जागी गार झाले, मग धावत मागून गेले.

शाळेसमोर एका वखारीची लांबलचक भिंत होती. तिच्यावर काळ्या रंगात लिहिलं होतं, 'या भिंतीवर जाहिराती लावू नयेत', आणि खाली, 'हुकमावरून'. जोडीदारणीनं मुलांना रांगेत उभं केलं आणि म्हणाली, वाचा. आता त्या काळात गिरणगावातल्या पोरांच्या लेखी भिंतीवर एकच गोष्ट लिहिलेली असे. सगळ्या वर्गानं भिंतीकडे पाहत, एका दमात, न अडखळता वाचलं, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" शेजारच्या चाळीच्या गॅलऱ्यांतून त्याला जोरदार साथ मिळाली. आणि नेमके त्याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी आमचे पाठनिरीक्षक मास्तर छत्री टेकत उभे राहिले.

मास्तरांनी जागच्या जागी वही काढली. 'घोषणा लिहिलेल्या भिंतीपुढे वर्ग उभा करून शिक्षिकेने मुलांकडून राजकीय घोषणा म्हणवून घेतल्या,' असा शेरा त्यांनी लिहिला, आणि अशा मुलीला अंतिम पाठाला बसू देऊ नये, अशी शिफारस केली. मला रडू फुटलं. तीही हादरली होती, पण तिच्या हादरण्याचं कारण भलतंच होतं.

"मास्तरांनीसुद्धा भिंत वाचली नाही गो," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "ऐकलं आणि लिहिलं. पोरांनी केलं तेच."

प्राचार्याबाईंनी तिला बोलावलं. त्या कडक होत्या, पण न्यायी. तिनं एवढंच सांगितलं की भिंतीवर घोषणा नाही, आपण येऊन पाहावं. बाई म्हणाल्या, येते पुढच्या सोमवारी. तोवर तिचे पाठ चालू होते. त्या आठवड्यात तिनं एकेका पोराला भिंतीशी नेऊन अक्षरांखाली बोट ठेवायला लावलं. नियम एकच होता: लिहिलेलं संपेपर्यंत बोट उचलायचं नाही. धडा गाणारी ती मुलगी तर रोज सगळ्यांच्या शेवटी वाचून संपवायची, आणि तिची आई पोरीचं काळं झालेलं बोट पाहून रोज ओरडायची.

सोमवारी आम्ही प्राचार्याबाई आणि मास्तरांना घेऊन गल्लीत वळलो आणि मी जागच्या जागी थांबले. रविवारी चाळीतल्या तरुणांनी भिंतीला चुना फासला होता आणि त्यावर गेरूनं हातहातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'.  मास्तरांनी फक्त छत्री या हातातून त्या हातात घेतली. जोडीदारीण भिंतीकडे पाहत राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांना धक्के देणाऱ्या त्या बाईचा चेहरा मी पहिल्यांदाच पांढरा पडलेला पाहिला, आणि मला एकदम तिच्या आईची चूल आठवली.

मुलं रांगेत होतीच. प्राचार्याबाईंनी त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, "वाच बाळ." तिनं बोट टेकवलं. वाक्य तिला झोपेतसुद्धा पाठ होतं, तरी ती एकेक अक्षर लावत चालली. सगळी गल्ली थांबून राहिली. शेवटी 'पाहिजे' आलं. मास्तर म्हणाले, झालं, ऐकलंत ना.

पण मुलीनं बोट उचललं नव्हतं. ती खाली वाकली, मग उकिडवी बसली. भिंतीच्या तळाशी त्या तरुणांचा चुना संपला होता. तिथे जुन्या काळ्या रंगाची एक ओळ तशीच राहिली होती.

"हु... क... मा... व... रू... न," तिनं वाचलं. आणि मगच बोट उचललं.

प्राचार्याबाई वाकल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चुन्याखालून अंधूक दिसणारी 'या भिंतीवर जाहिराती लावू नयेत' ही काळी अक्षरं मग त्यांनी स्वतः बोट ठेवून लावली. सरळ उभ्या राहून, चेहऱ्यावरची रेष न हलवता, त्यांनी विचारलं, "मास्तर, ही घोषणा हल्ली कुणाच्या हुकमावरून लिहितात?" आणि तोंडाला पदर लावला. शेरा खोडला गेला. जोडीदारीण तिथेच फुटपाथवर बसून त्या पोरीला कुशीत घेऊन मोठमोठ्यानं रडली. भर रस्त्यात असं रडतात का, म्हणून मी पुन्हा एकदा हबकले, आणि तिच्या शेजारी बसून रडले.

पुढे राज्य झालं, ती भिंत पडली, आम्ही दोघींनी जन्मभर मुलांना वाचायला शिकवलं. ती लालबागला, मी गिरगावात. परवा तिला परळच्या इस्पितळात भेटायला गेले. दृष्टी जवळजवळ गेलेली आहे. आवाज मात्र खानावळीतलाच. बोलता बोलता तिनं समोरच्या भिंतीकडे मान वळवली आणि विचारलं, तिथे पाटी आहे ना, काय लिहिलंय? मी वळून पाहिलं आणि म्हटलं, "शांतता राखा."

"पुढं?"

"पुढे काही नाही गं."

"बोट ठेव."

या वयात, चार रोग्यांच्या देखत, मी उठले आणि भिंतीपाशी जाऊन पाटीवर बोट ठेवलं. खाली बारीक अक्षरांत आणखी एक शब्द होता. तो मी अक्षर लावून तिला वाचून दाखवला. ती इतक्या मोठ्यानं हसली की नर्स धावत आली आणि आम्हा दोघींना रागावली. नर्स गेली, तरी मी थोडा वेळ तशीच उभी होते. वाचून झालं होतं, पण बोट उचलावंसं वाटेना.