खुंटीवरचा नवा दोर

दिवस चांगला की वाईट हे आमच्या मामंजींइतके पाहणारा माणूस सबंध कल्याणात नसेल, आणि चांगल्या दिवशी काहीच न करणाराही नसेल. ठाण्याच्या कचेरीतली कारकुनी संपवून माझे हे सासरे घरी बसले, ते पंचांग मांडीवर घेऊनच. घरातले कोणतेही काम सांगा, ते चष्मा पुसत, पान उलटत आणि म्हणत, "आज नको. गुरुवारी बरा दिवस आहे." गुरुवारी ते जेवून झोपत.

खाटेचेच घ्या. सुंभ ढिले होऊन तिची झोळी झाली होती. धनिष्ठापंचकात खाट विणू नये म्हणून पाच दिवस थांबले, ते ठीक. पण पंचक सरले, मधले बरे दिवस सरले आणि पुढचे पंचक आले. सासूबाई जमिनीवर कांबळे टाकून निजत. मामंजी त्या झोळीत खुशाल घोरत आणि सकाळी कंबर धरली म्हणून आम्हालाच ऐकवत.

सासऱ्यांसमोर सुनेने बोलायचे नाही, ही घरची रीत. म्हणून मी भांड्यांशी बोले. "अगं घागरी, तुझा मुहूर्त कधी गं निघायचा?" असे ओटीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारी. मामंजी निमूटपणे पान उलटत. सासूबाई म्हणत, "हळू बोल गं. त्यांचं ते तसंच आहे."

त्या वर्षी विहिरीचा दोर मधोमध झिजला. नवा दोर आणलेला होता. बऱ्या दिवसाची वाट पाहत दोन महिने खुंटीला लटकत होता. मला सातवा महिना, म्हणून पाणी सासूबाई ओढत. मी रोज जुन्या दोराचा सुटलेला पीळ पाही, घागरीला टोमणा मारी आणि मनात म्हणे, होऊ दे यांची एकदा फजिती.

एका शनिवारी, अमावास्येला, दोर तुटला. हिसक्याने सासूबाई मागे धुण्याच्या दगडावर पडल्या. उजवे मनगट मोडले. हाडवैद्याने बांधले, पण ते वाकडेच जुळले. पुढे त्यांना भाकरी थापता आली नाही.

मामंजींनी त्यांना आत आणून निजवले, खुंटीवरचा दोर काढला आणि रहाटावर चढवायला घेतला. शेजारचे भटजी कुंपणापलीकडून म्हणाले, "अहो, आज शनिवारची अमावास्या."

"असू द्या," मामंजी म्हणाले.

भरलेली घागर स्वयंपाकघरात ठेवून ते माझ्याकडे वळले. तोवर ते माझ्याशी कधी थेट बोलले नव्हते. "सूनबाई, तुला तर रोज दिसत होतं ना?"

आवाजात राग नव्हता, तेच मला झोंबले. मी पदर पुढे ओढला. त्या दिवशी बोलायला एकही भांडे सापडले नाही.

पुढे मामंजींनी कामाचा नुसता धडाका लावला. भर पंचकात खाट विणली, तीही इतकी तिरकी की निजणारा पहाटेपर्यंत कडेला येई. सासूबाई हसत तिच्यावरच निजत. पाणी मात्र शेवटपर्यंत मामंजींनीच ओढले, आणि मी त्यांना हसायचे सोडून दिले.

ह्यांची दूरच्या गावी बदली झाली, तेव्हा निघताना सामानाची एकेक गाठ मामंजींनी स्वतः ओढून पाहिली. मी वाकून नमस्कार केला. 'मामंजी, दिसत होतं. माझंही चुकलं,' एवढेच म्हणायचे होते. पण भोवती चार माणसे, गाडीची घाई. म्हटले, दिवाळीला येऊ तेव्हा निवांत सांगू.

मामंजी भाद्रपदात गेले.