पाच रिकामे डबे

"आम्ही आपले जन्मभर ऋणी राहू." हे वाक्य गुरुजींनी माझ्याकडून आठ दिवस घोटून पाठ करून घेतलं होतं.

पिंपळनेरच्या पलीकडे आमची आश्रमशाळा. मी आठवीत होते. जळगावच्या एका संस्थेने पाच जुने कम्प्युटर दिले. हार झाले, फोटो झाले. मी भाषण केलं. एकदाही अडखळले नाही. माझे वडील, आबा, पाड्यावरून चालत आले होते. जंगलात वेचलेल्या चारोळीची पिशवी त्यांनी पाहुण्यांपुढे धरली. पाहुण्यांनी पिशवीला हात लावला नाही. "ड्रायव्हरकडे द्या," म्हणाले.

गाडी गेल्यावर गुरुजींनी बटण दाबलं. एकही सुरू होईना. झाकण उघडलं. प्रोसेसर बसतो ती जागा रिकामी. पाचही मशीनमध्ये. गुरुजींनी तिथूनच संस्थेच्या पाहुण्यांना फोन लावला. स्पीकरवर आम्ही सगळ्या मुलींनी ऐकलं.

"अहो, तुमच्या पोरींना काय कळतंय? समोर ठेवा, हात लावू द्या. भाषण मात्र छान झालं हं."

आबा फाटकाशी थांबले होते. "चालू शे का वं, बेटा?"

"हा आबा. बठ्ठा चालू शेतस." सगळे चालू आहेत, असं सांगून टाकलं.

आबा हसले. मग कितीतरी वर्षं पाड्यावर सांगत राहिले, माझी पोर त्या कम्प्युटरवर शिकली. मी पदवीधर झाले, घरातली पहिली. आबा गेले. खरं सांगायचं राहून गेलं.

आता मी जळगावात एका कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते. मला घेतलं, याचे उपकार मानत आले. लॅबसाठी नवीन मशीन घ्यायची होती, म्हणून मी स्वस्तातल्या नव्या प्रोसेसरचं एक मशीन आणि आमचं एक जुनं, शेजारी शेजारी लावून पाहिलं. जुन्या मशीनमध्ये फक्त एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकली. जुनंच आधी सुरू झालं. दहा टॅब उघडले तेव्हा नवं अडकलं, जुनं चालत राहिलं. मी आनंदाने विभागप्रमुखांना दाखवलं. "सर, जुनी मशीन एका आश्रमशाळेला द्यायचीच आहेत. मुली अजून काही वर्षं आरामात शिकतील."

"इतकी चांगली आहेत? मग प्रोसेसर काढून घ्या. आपल्या ऑफिसच्या मशीनला बसतील. तिकडे डबे जाऊ द्या." मग हसले. "मॅडम, तुम्ही तिकडच्याच ना? आभाराचं भाषण तुम्हीच लिहून द्या. एखादी मुलगी पाठ करेल."

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. जन्मभर ऋणी राहण्याचं ते वाक्य मला अजून पाठ आहे. एक शब्दही विसरता आलेला नाही.

"सर, मी काढणार नाही. लिहिणारही नाही."

"उपकार विसरू नका, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. आबांना जे सांगितलं नाही, ते मी त्यात लिहिलं. पाचही डबे रिकामे होते.

नोकरी राहो, न राहो. मशीन ज्या शाळेत जातील, तिथे मी जाणार. मुलींच्या हाती आधी स्क्रूड्रायव्हर देणार. झाकण उघडायचं. आत बघायचं. बटण दाबायचं. तोवर कोणीही कोणाचे आभार मानायचे नाहीत.