देवळाच्या घंटेची साखळी

आमच्या ग्रामदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, असं कमानीवर लिहिलं आहे. झालं ते असं की सभामंडपाला न्हाणीघराच्या फरशा लागल्या, कठड्याला चकचकीत स्टीलचे पाइप आले आणि कोरीव खांबांवर गुलाबी ऑइलपेंट चढला. एवढं उरकल्यावर कमिटीला देवळाचं मूळ स्वरूप आठवलं. तोवर मूळ म्हणण्यासारखी उरली होती फक्त मोठ्या घंटेची लोखंडी साखळी. ती माझ्या पणजोबांनी घडवलेली. पावसाच्या झडीने तिच्या मधल्या मधल्या कड्या खाल्ल्या होत्या, म्हणून मला बोलावणं आलं.

बोलावणारे कमिटीचे अध्यक्ष. उभा जन्म मुंबईत हपिसात काढून गावी परतलेले आणि आल्या दिवसापासून गाव सुधारत सुटलेले. मला ते मिस्त्री म्हणतात. मिस्त्री गवंड्याला म्हणतात, आम्ही लोहार, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा मिस्त्रीच म्हणाले.

"जुनं आहे तसंच वाटलं पाहिजे हं मिस्त्री. हेरिटेज आहे आपलं."

साखळीचा फोटोही त्यांनी मोबाइलात काढून ठेवला होता. फोटोत ते स्वतः होते आणि डोक्यामागे थोडी साखळी.

देवरूखपर्यंत हल्ली लोहार म्हणवणाऱ्यांना तोटा नाही. वेल्डिंगचं मशीन आणतात, पाइप चिकटवतात, वर रंग फासतात आणि पाटीवर 'आर्ट' लिहितात. त्यातल्या कुणाकडून साखळी करून घेतली असती तर अध्यक्ष खूश झाले असते. पण आमच्या घरची रीत वेगळी आहे. देवाचं लोखंड भंगारात जात नाही. काढलेल्या कड्या भट्टीत घालायच्या, कमी पडेल तिथे जुन्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तोडून मिसळायची आणि त्यातूनच नव्या कड्या घडवायच्या. तसंच केलं. पणजोबांची प्रत्येक कडी एका अंगाला किंचित जाड आहे, ते डावखुरे होते म्हणतात. ती जाडीही मी उतरवली. मग सगळी साखळी तापवून काजूच्या टरफलांच्या तेलाने काळी केली आणि झिजलेलं टोक वर यावं म्हणून उलटी टांगली. खाली उभा राहून बघितली तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

अध्यक्ष आले आणि बराच वेळ मान वर करून उभे राहिले.

"नवीन कड्या कुठल्या?"

"तुमीच म्हनालात ना, जुन्यासारखं वाटाय पायजे म्हनून."

"वाटलं पाहिजे म्हणालो. जुनीच पुसून टांगा आणि पैसे घ्या असं नाही म्हणालो. काढलेल्या कड्या दाखवा बघू."

"त्या भट्टीत गेल्या."

"ऐकलंत?" ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले. कोणीतरी हसलं. आरतीला जमलेली ही सगळी माणसं. त्यांच्या विळ्या-कोयत्यांना आधी माझ्या बापाने आणि मग मी धार लावली. आता त्यांना एकदम नव्या फरशीत बघण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि साखळी हातात घेतली. एकेक कडी चाचपून पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मला माझी एकही कडी सापडेना.

"वाद कशाला?" खालून अध्यक्ष म्हणाले. "देवीलाच विचारू. कौल लावा."

गुरव कळ्या भिजवून गाभाऱ्यात गेला. "लावतो, पन सवाल नीट सांगा," तो म्हणाला. सवाल ठरला. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर लोहार खरा, डावी पडली तर खोटा.

कमिटीला मी कवडीची किंमत देत नाही. देवीची गोष्ट वेगळी. या देवळाचं लोखंड पिढ्यानपिढ्या आमच्या घराने केलं, आणि डावी कळी पडली की याच देवळात मी चोर ठरणार होतो. वर दाद मागायला जागा नाही.

"ऱ्हाऊ द्या तो कौल," मी म्हणालो. "ही बघा. ही माजी." हाताला लागली ती कडी मी धरली.

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला, टाचा उंचावल्या आणि निरखून पाहिलं. "हां. ही वाटतेच नवीन. फिनिशिंग वेगळं आहे."

मग ती सगळ्यांनाच नवीन दिसायला लागली. जरा जास्तच चकाकते, असं एकजण म्हणाला. मघाशी फरशी बघणारा दुसरा म्हणाला, मला पहिल्यापासून वाटत होतं. गुरवाने कळ्या परत तबकात ठेवल्या. मला त्या माणसांची इतकी किळस आली की स्टुलावरून उतरायचंही सुचेना.

उत्सवाच्या आधी अध्यक्षांनी त्या एका कडीला चंदेरी रंग लावून घेतला. नवीन काम भाविकांना कळलं पाहिजे, म्हणाले. आता मुंबईहून चाकरमानी आले की त्यांना ती बोट करून दाखवतात, ही आपल्या मिस्त्रीने केली. ती कडी माझी असेल तर त्या गाढवाने माझ्या चांगल्या कामाला रंग फासला. पणजोबांची असेल तर ती मी भर देवळात माझी म्हणून सांगितली आहे. कोणाची ते मला अजून कळलेलं नाही. आरतीला घंटा वाजायला लागली की आता मीही फरशीकडेच बघतो.