सोबतबाहेरची नंदा

नंदा गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. जळगावच्या आमच्या शाळेत मधली सुट्टी झाली होती आणि मी शिक्षक खोलीत प्रयोगवह्यांचा गठ्ठा समोर घेऊन बसले होते. धुळ्याच्या होस्टेलमधल्या आमच्या जुन्या मंडळाचा एक ग्रुप आहे. त्यावर शलाकाताईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या... 'आपल्या होस्टेलची नंदा आज सकाळी शिरपूरला गेली. दीड वर्ष डायलिसिसवर होती.' खाली हात जोडल्याच्या खुणा भराभर येत गेल्या. मग कुणीतरी विचारलं, 'कोण नंदा? कितवी बॅच?' शलाकाताईंनी लिहिलं, 'ती आपल्या मंडळात नव्हती.' मी फोन पालथा ठेवला आणि पुढची वही उघडली. कितीतरी वेळ एकाच पानावर होते. ती मंडळात का नव्हती, हे त्या ग्रुपमध्ये मला जितकं ठाऊक होतं तितकं दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

मी रावेरकडची, घरची केळीची शेती. जळगावला प्रवेश हुकला म्हणून मामांनी धुळ्याच्या कॉलेजात घातलं आणि देवपुरातल्या एका खासगी होस्टेलवर खोली मिळाली. खोलीत माझ्या आधी नंदा येऊन बसली होती. शिरपूरच्या पुढचं, सातपुड्याच्या पायथ्याचं तिचं गाव. लोखंडी पेटी, त्यावर नीट घडी घातलेली गोधडी, आणि बोलणं अस्सल अहिराणी. माझं बोलणं आमच्या केळी पट्ट्यातलं. मी 'मले' म्हटलं की ती हसायची, ती 'माले' म्हणाली की मी. दोघीही खानदेशच्या, तरी पहिल्या आठवड्यात एकमेकींना अर्धं कळायचं, अर्धं अंदाजानं. मला घरची आठवण येऊन जेवण जात नसे. रोज रात्री मेस बंद व्हायच्या आत ती दारातून डोकावून विचारायची, "तू जेवनी का?" नाही म्हटलं की हाताला धरून खाली न्यायची.

त्या होस्टेलमध्ये मुलींचं एक मंडळ होतं, 'सोबत' नावाचं. फार पूर्वी, संध्याकाळच्या क्लासहून एकटीनं परतायला लागू नये म्हणून काही मुलींनी ते सुरू केलं, असं सांगायचे. आमच्या वेळेपर्यंत त्याचं वेगळंच काही झालं होतं. दरवर्षी पाच-सहा मुलींनाच घेत. मेसमध्ये खिडकीजवळचं टेबल त्यांचं, दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांची. जुन्या नोट्स त्यांच्याकडे, पुण्या-नाशिकला नोकरीला लागलेल्या ताया त्यांच्या ओळखीच्या. लाल काठाची ओढणी घेऊन त्या सगळ्या एकदम कॉलेजला निघाल्या की रस्त्यावरचे लोक बघत. नंदा आणि मी खिडकीतून बघायचो. "आपन काय जावाना नही," नंदा म्हणायची आणि मी मान हलवायचे. पण मला ती ओढणी हवी होती. फार हवी होती.

दिवाळीच्या आधी आम्हा दोघींनाही सोबतकडून गच्चीवर बोलावणं आलं. नंदा माझ्या आग्रहाखातर आली. वर सतरंज्या टाकून पंधरा-वीस जणी बसल्या होत्या, मध्यभागी शलाकाताई, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या, मंडळाच्या प्रमुख. मला गाणं म्हणायला लावलं, आमचे डबे आठवडाभर धुशील का असं विचारलं, मी सगळ्यालाच हो म्हणाले. मग नंदाची पाळी आली. तिनं नाव-गाव सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच 'शे'ला, म्हणजे 'आहे'ला, हशा पिकला. "पुन्हा म्हण ना," कुणीतरी म्हणालं. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा हशा. तिसऱ्यांदा म्हणायला सांगितलं तेव्हा ती उठली. "मी काय तमाशा शे?" एवढंच बोलली आणि जिना उतरून गेली. मी जागची हलले नाही. तिच्या पाठोपाठ जायला हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. मी बसून राहिले आणि मला घेतलं.

खोलीत परत आले तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. रागावली नव्हती. म्हणाली, "मेंढरांचा कळप शे तो, मिने. एक हासनी की बठ्ठ्या हासतस." आणि मग नेहमीसारखं विचारलं, जेवलीस का. त्यानंतर वर्षभर ती मला माझ्या ओढणीवरून कधी टोचून बोलली नाही. फक्त सोबतच्या मुली समोरून आल्या की ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालायची. मी त्यांच्यात असले तरीही.

दुसऱ्या वर्षी पोळ्याला मी गावी गेले आणि तापानं पंधरा-वीस दिवस तिकडेच राहिले. तेवढ्यात नंदाच्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना धुळ्याला आणून दाखल केलं. वडील आधीच गेलेले, भाऊ सुरतला कामाला. पहिले दोन दिवस नंदा एकटीच आईच्या उशाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी होस्टेलच्या बाईंकडून शलाकाताईंना कळलं आणि त्या दोघी-तिघींना घेऊन दवाखान्यात गेल्या. पुढचे बारा दिवस सोबतच्या मुलींनी पाळ्या लावल्या. कुणी डबा आणला, कुणी औषधं. शलाकाताई स्वतः त्या माउलीचे केस विंचरून वेणी घालून देत. एका दुपारी त्या नंदाला म्हणाल्या, "गच्चीवर चुकलं आमचं. लाज वाटते मला त्याची." हे सगळं मला नंदानं सांगितलं, मी परतल्यावर. सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की तसा मी तो तोवर कधी पाहिला नव्हता. "मिने, मी चुकनू. त्या तश्या नहीत," ती म्हणाली. "मी येऊ का तुमन्यामा?"

मी म्हणाले, ये की. आणि तिच्याकडे पाठ करून पिशवीतले कपडे उपसायला लागले.

आज वीस वर्षांच्या अंतरावरून मी त्या मुलीकडे, म्हणजे माझ्याकडे, बघते तेव्हा तिला नेमकं काय टोचलं ते दिसतं. नंदाच्या आईच्या खाटेजवळची ती जागा माझी होती. मी तिथे नव्हते, आणि माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. शिवाय सोबतमध्ये मी कुणीतरी झाले होते. तिथे रावेरकडच्या खेड्यातली, जेवण न जाणारी रडकी मुलगी कुणाला ठाऊक नव्हती. नंदाला ठाऊक होती. ती आत आली असती तर दोन महिन्यांत सगळ्यांची लाडकी झाली असती, कारण ती होतीच तशी. आणि मी पुन्हा तिच्या हाताला धरून मेसमध्ये जाणारी झाले असते.

नाव घ्यायचा नियम असा होता की सगळ्यांची संमती लागे. एकीनं जरी हरकत घेतली तरी ते नाव बाद. एका रविवारी दुपारी कोपऱ्यातल्या खोलीत बैठक बसली. शलाकाताईंनी स्वतः नंदाचं नाव काढलं, सगळ्यांचे हात वर गेले. मी म्हणाले, "तिनं आपल्याला मेंढरांचा कळप म्हटलं होतं." शलाकाताईंनी विचारलं, "कधी?" मी म्हणाले, "गच्चीवरच्या दिवशी." "तेव्हा म्हणाली असेल. आता बदललंय ना तिचं मत?" मत कसं बदललं, कोणत्या बारा दिवसांत बदललं, मला अक्षर न् अक्षर माहीत होतं. मी म्हणाले, "मला नाही वाटत." वर गेलेले हात एकेक करून खाली आले. शलाकाताई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, पण नियम नियम होता.

त्यांनी नंदाला एवढंच सांगितलं की यंदा जमत नाही. खोलीत आल्यावर नंदानं मला विचारलं, "कोनी नही म्हटलं?" मी म्हणाले, "सांगता येत नाही, नियम आहे." ती पेटीवर बसली, गोधडीची घडी मोडून पुन्हा घातली. मग उठून तांब्या भरून आणला आणि म्हणाली, "तुझं जेवण झालं का?" ...त्या संध्याकाळपासून नंदा माझ्याशी पुस्तकातली मराठी बोलू लागली. शुद्ध, व्यवस्थित, जशी ती प्राध्यापकांशी बोलायची. इतर मुलींशी तिचं 'शे' तसंच होतं.

शेवटच्या वर्षी, शलाकाताई शिक्षण संपवून गेल्यावर, नव्या मुलींनी तिला आपणहून विचारलं. आता कुणाचीच हरकत नव्हती. मीही नव्हते घेणार. तिनं हसून नाही सांगितलं. मी तिला म्हटलं, "अगं, एवढं विचारतायत तर जा ना." ती म्हणाली, "राग नाही गं मला. आधी वाटायचं, त्या वाईट आहेत म्हणून नको. मग वाटलं, चांगल्या आहेत म्हणून हवं. आता वाटतं, चांगल्या असोत की वाईट, कुणाला घ्यायचं नि कुणाला नाही यासाठी हात वर करायला मला जमणार नाही." तिनं हे माझ्याकडे न बघता सांगितलं. मी त्या दिवशी तिला सगळं सांगायला हवं होतं. परीक्षा जवळ आली होती, मी पुस्तक उघडून बसले.

पुढे ती शिरपूरला शिक्षिका झाली, भास्करराव नावाच्या प्राथमिक शिक्षकाशी लग्न झालं, मूल झालं नाही. वर्षातून एखादा फोन व्हायचा. ती आजारी असल्याचं मला शलाकाताईंकडून कळलं. त्यांच्याशी मात्र तिचा संबंध शेवटपर्यंत होता. माघ महिन्यात मी धुळ्याच्या दवाखान्यात तिला भेटायला गेले. आठवड्यातून दोनदा ती एसटीनं शिरपूरहून यायची, चार तास यंत्राला जोडलेली असायची. हाताच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, चेहरा सुजलेला. मला बघून हसली. इकडचं तिकडचं बोललो. मग मी खुर्ची पुढे ओढली. "नंदे, तुला एक सांगायचंय. सोबतच्या वेळचं आहे..." तिनं डोळे मिटले. "दम लागस माले, मिने," ती हळूच म्हणाली. "मंग सांग. पुढली खेपले."

इतक्या वर्षांनी ती माझ्याशी तिच्या बोलीत बोलली होती. ते थकव्यामुळे झालं, की तिला ठाऊक होतं आणि तिनं मला सोडवलं, हे मला कधीच कळणार नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. पुढची खेप आहे म्हणून मी बसस्टँडवर येऊन चहा घेतला. आणि पुढची खेप आली नाही.

अंत्यविधीला मी गेले नाही. महिन्यानं शिरपूरला गेले, एका शनिवारी दुपारी. भास्करराव शांत, बारीक अंगाचे गृहस्थ. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं कारण बाहेरच्या खोलीत मुली बसल्या होत्या. सात-आठ जणी, कुणी वही उघडून, कुणी भिंतीला टेकून डोळे मिटून. कॉलेज दुपारीच सुटतं आणि पाड्यांकडे जाणारी गाडी साडेपाचला, म्हणून नंदानं ती खोली कितीतरी वर्षांपासून उघडी ठेवली होती. एक माठ, दोन पंखे, मोठी सतरंजी. "मी म्हटलं होतं, निदान नावं तरी लिहून ठेव, कोण येतं कोण जातं," भास्करराव म्हणाले. "ऐकलं नाही. म्हणायची, यादी केली की उद्या एखादी नवी पोर दारातच थांबेल, आपलं नाव नाही म्हणून." त्यांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. "पण आता मला जमायचं नाही. जूनमध्ये बदली आहे. घर सोडावं लागेल. पोरींना अजून सांगितलं नाही... कसं सांगू?"

ते चहा ठेवायला उठले आणि मी बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिले. दारातून एक मुलगी आली, चपला काढल्या, माठातून पाणी प्यायली आणि बसली. तिला कुणी काही विचारलं नाही. माझ्या पायाशी बसलेली एक सावळी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली मुलगी मान वर करून माझ्याकडे बघत होती. "ताई, तुम्ही मॅडमन्या कोन?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं. मैत्रीण म्हणायला जीभ रेटेना. "एका खोलीत राहायचो आम्ही," मी म्हणाले. "तीन वर्षं."

तिला तेवढं पुरलं. ती वही उचलून शेजारणीकडे सरकली आणि सतरंजीवर हात फिरवून तिनं मला जागा करून दिली.