शेरूचं गुरगुरणं

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात छापखान्यात उभी होते. साखळीला बांधून ठेवलेल्या कुत्र्यांबद्दलचं आमच्या प्राणीमित्र संस्थेचं नवं पत्रक मशीनवर चढत होतं. "ताई गेली गं सकाळी. झोपेतच," त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता पत्रक वाचून "हे कोणासाठी लिहिलंस?" असं कोण विचारणार... प्रत्येक पत्रकाला त्यांचा हाच प्रश्न असायचा. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

अमरावतीतल्या भिक्षुकाच्या घरची, वकिली शिकलेली, काही वर्षं कोर्टात उभी राहिलेली ही बाई कुत्र्यांना शिकवायच्या धंद्यात का पडली, याचं उत्तर गावात ज्याच्या त्याच्याकडे वेगळं होतं. मी सरळ त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "अशील काय बोलायचं ते घरूनच ठरवून येते. कुत्रं काही सांगत नाही, पाहत बसावं लागते. मले पाहत बसायला आवडते." कमरेला वडिलांची चंची असायची, पानसुपारीची, कप्प्याकप्प्यांची. आता एका कप्प्यात फुटाणे आणि दुसऱ्यात वाळवलेली कलेजी. "तुमचे बाबा वरून पाहत असतील," मी एकदा चिडवलं. "पाहू दे. त्यायले कुत्र्याचा विटाळ होता, कुत्र्यायले त्यायचा नव्हता."

बाळापूरजवळच्या शेतावरचा शेरू आमच्याकडे तक्रार म्हणून आला. मालक नामदेवभाऊ, त्यांच्या भावाच्या हाताला शेरू चावला होता, टाके पडले होते. ते त्याला घाटात नेऊन सोडणार होते. जन्मभर माणसाच्या हातचं खाल्लेलं कुत्रं घाटात सोडायचं म्हणजे बिबट्याला घालायचं. मी भांडायच्या तयारीनेच गेले. कुंदाताई बरोबर होत्या.

"हा येडा झाला, बाई," नामदेवभाऊ म्हणाले. "तोंडातून आवाजबी काढत नाई, सीधे दात रोवते. ठेवून काय करू त्याले?"

"सोडून तर पाहा. तुम्हालाच न्यायला पोलिसांची गाडी येते की नाही बघा," मी म्हटलं.

कुंदाताई पुढे झाल्या. साखळी पोचणार नाही इतक्या अंतरावर टॉवेल अंथरून कुत्र्याकडे पाठमोऱ्या बसल्या. अधूनमधून कलेजीचा तुकडा मागे टाकायच्या. ऊन कलतं झालं. मग मान न वळवता विचारलं, "आधी गुरगुरायचा का हो, भाऊ?"

"गुरगुरायचा ना. पट्ट्याले हात लावला का गुरगुर. काठीनं मोडली ती सवय. आता हूं नाई का चूं नाई." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

"पक्कं शिकवलं तुमी. तुमी म्हटलं बोलू नको, तो बोलत नाही. मग चावायच्या आधी तुमाले सांगन कोण?"

नामदेवभाऊंनी काठीकडे पाहिलं. "म्हंजे... गुरगुरू द्याचं होतं?"

"काहून गुरगुरते ते पाहायचं होतं."

त्या सरकत सरकत शेरूपर्यंत गेल्या. पट्ट्याखाली जुनी जखम निघाली, चामडं मांसात रुतलेलं. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. कुंदाताईंनी माझा हात दाबला आणि परतीच्या एसटीत म्हणाल्या, "तू ओरडली असती तर तो माणूस आपल्यासमोर गप बसला असता, अन् उद्या कुत्रं घाटात. कोणाले कळलंबी नसतं."

"म्हणजे काठी मारणाऱ्याला फुटाणे द्यायचे?"

"देऊन पाहू ना. काय होते ते मलेबी पाहायचं आहे."

पोळ्यापर्यंत ठेवतो, एवढंच नामदेवभाऊंनी कबूल केलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी जखमेला औषध दिलं आणि कुंदाताई अमरावतीहून बस बदलत येत राहिल्या. नामदेवभाऊंनी काही बरं केलं की लगेच बोलून दाखवायच्या, "आता हात मागे घेतला, हे मस्त केलं." मिशा पांढऱ्या झालेला माणूस लाजायचा. पोळा जवळ आला तरी शेरू गप्पच... मग एका दुपारी मलम लावताना त्याच्या घशात बारीकशी घरघर झाली. नामदेवभाऊंचा हात सवयीनं काठीकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"ऐकलं? बोलला," कुंदाताई म्हणाल्या, आणि मूठभर फुटाणे नामदेवभाऊंच्या हातावर ठेवले.

"कुत्र्याचे हायेत का?"

"तुमचे आहेत."

त्यांनी ते खाल्ले. पोळा झाला. घाटाचं नाव परत निघालं नाही.

माझा राग त्याने गेला, असं कोणी समजू नये. जखम पट्ट्याखाली कुजेपर्यंत घरात एकालाही दिसत नाही, याचा राग यायलाच हवा. पण गप्प झालेल्या माणसांकडे मी हल्ली जरा जास्त वेळ पाहते, एवढं खरं.

कुंदाताईंच्या भावाने चंची मला दिली. ती घेऊन गेल्या आठवड्यात बाळापूरला गेले. कुंदाताई गेल्याचं नामदेवभाऊंना सांगितलं. शेरूने चंचीचा एकेक कप्पा हुंगला आणि नाक आत खुपसून उभा राहिला. थोड्या वेळाने नामदेवभाऊंनी त्याचा पुढचा पाय हातात घेतला तर तो गुरगुरला, चांगला मोठ्यानं. त्यांनी पाय सोडला, पाठ फिरवून मातीतच बसकण मारली.

"काहून रे? काय झालं?"

माझ्या पिशवीत नव्या पत्रकांचा गठ्ठा होता. मी तो काढायला लागले तसं त्यांनी हातानं थांबवलं.

"थांब, पोरी. पाहून राहिलो मी. बस थोडी."

मी चंची मांडीवर घेऊन बसले.