छत उघडणारी गाडी आणि आमचे साडूभाऊ

एकाच कंपनीच्या सगळ्या मोटारींची कुळकथा आमच्या साडूभाऊंइतकी तोंडपाठ असलेला माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि इतकं सगळं ठाऊक असून स्वतः एकही मोटार न घेतलेला माणूस तर अख्ख्या महाराष्ट्रात सापडणार नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. राहायला चाकणला, मूळ गावही तिथून हाकेच्या अंतरावर. एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळतात. त्या कारखान्यातल्या वायरी ज्या मोटार कंपनीला जातात, तेवढी एकच कंपनी त्यांच्या लेखी जगात आहे. बाकीच्या कंपन्याही गाड्या बनवतात हे त्यांना मान्य असतं, पण त्याबद्दल बोलणं त्यांना शेजारच्याच्या सुनेबद्दल बोलण्यासारखं वाटतं. "तुलना घरातल्या घरात करावी, पाव्हणं," ते मला सांगत. "भावाभावांत काय फरक हाय ते आधी बघा. परक्याची पोरं तपासायला आपण काय मास्तर हाय का?"

गाडीच्या माहितीपत्रकातले फोटो ते बघतही नाहीत. डोंगरावर उभी गाडी, समुद्राकाठी उभी गाडी, तिला टेकून हसणारं कुटुंब, ही सगळी पानं ते अंगठ्याने बाजूला सारतात आणि थेट शेवटच्या पानावर जातात. तिथे बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. साध्या मॉडेलपासून सर्वांत वरच्या मॉडेलपर्यंत कशात काय येतं ते टिंबाने दाखवलेलं, आणि जे येत नाही तिथे रेघ. हे पान ते अशा तन्मयतेने वाचतात की चहा निवून जातो. पुढे पुढे त्यांना माणसंही त्या तक्त्यातच दिसू लागली. आमच्या नात्यातल्या एका मुलीला बघायला मुलगा आला होता. देखणा, बोलका. सगळे खूश. परतताना साडूभाऊ हळूच मला म्हणाले, "मधलं मॉडेल हाय. दिसतंय टॉपचं, पण मागच्या दारांना स्पीकर न्हाईत. पुढं बसणाऱ्याशी ग्वाड बोलंल, मागं बसलेल्याला काय बी ऐकू यायचं न्हाई." लग्न झालं. मुलीची आई आजही म्हणते, जावई लेकीशी फार छान वागतो, आमच्याकडे मात्र बघतसुद्धा नाही.

शोरूमची मुलं त्यांना दुरून ओळखत. कंपनीने नवीन काही काढलं की पहिल्या रविवारी साडूभाऊ चालवून बघायला हजर, सोबत ताई आणि पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या. तांब्या मांडीवर घेऊन ते बसत आणि विक्रेत्याला चाकणच्या सगळ्यांत खराब रस्त्याने गाडी न्यायला लावत. कोणत्या गाडीत धोतर किती भिजलं यावर त्या गाडीच्या स्प्रिंगांची पत ठरे. डिकीत अमुक लिटर सामान मावतं हे छापील विधान त्यांना मंजूर नव्हतं. "लिटर दुधाचं असतंय," असं म्हणून ते घरचा रिकामा गॅस सिलिंडर घेऊन जात आणि तो आडवा-उभा घालून बघत. एवढं होऊन घ्यायची वेळ आली की प्रत्येक गाडीत कुठेतरी एखादी रेघ निघे. या गाडीत मागच्या सीटला मधे हात टेकायला आधार नाही, त्या गाडीत तो आहे पण मागची काच पुसणारा वायपर नाही. ताई म्हणत, "माझी दोन्ही बाळंतपणं रिक्षातून झाली, आणि आमच्या ह्यांचं अजून डिकी मोजणंच चाललंय."

सल्ला विचारायला मात्र लोक रांग लावत. कारखान्यातले, भावकीतले, कुणाच्या तरी भावाचा मित्र. साडूभाऊ प्रत्येकाला विचारत, गाडी कोण चालवणार, मागे कोण बसणार, म्हातारं माणूस आहे का, गावाकडचा रस्ता कसा आहे. मग दोन दिवस विचार करून एक नाव सांगत. लोक मान डोलावत आणि शोरूममध्ये जाऊन रंग बघून भलतंच काहीतरी उचलत. साडूभाऊ तरीही पेढे खायला जात. "कुठलं घेतलं?" विचारत, उत्तर ऐकून कुणीतरी गेल्याची बातमी कळावी तसे क्षणभर डोळे मिटत, आणि म्हणत, "छान हाय."

आणि मग मी गाडी घ्यायची ठरवली.

आमची सोसायटी मोशीला. पार्किंग तळघरात, आणि तिथून वर येणारा रॅम्प असा उभा की सायकलवालेसुद्धा उतरून चढतात. माझ्या जुन्या गाडीतून एकदा साडूभाऊ त्या रॅम्पवरून माझ्यासोबत आले होते. अर्ध्यात पुढची गाडी थांबली म्हणून मला थांबावं लागलं. ब्रेकवरून पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे घसरली, मागच्याने हॉर्न लावला, वॉचमनने शिट्टी फुंकली, मला घाम फुटला. दोन दिवसांनी साडूभाऊंचा फोन आला. "पाव्हणं, तुमच्या पायात भीती हाय. ती तुमच्यानं जायची न्हाई, वय झालं आता. तिचा इलाज गाडीतच घ्या." त्यांनी एक मॉडेल सांगितलं. त्यात चढावर ब्रेक सोडला तरी गाडी दोन-तीन सेकंद स्वतःला धरून ठेवते, तेवढ्यात माणूस पुढे निघतो. हिल होल्ड म्हणतात त्याला. गाड्यांबद्दल इतकं बोलणाऱ्या माणसाने माझ्यासाठी त्या सगळ्या तक्त्यातलं एकच टिंब निवडलं होतं, आणि ते माझ्या घाबरलेल्या पायासाठी होतं.

मी बायको-मुलांना घेऊन शोरूमला गेलो. तिथे त्याच किमतीचं दुसरं मॉडेल उभं होतं. विक्रेतीने एक बटण दाबलं आणि छताची काच सरकली. माझा मुलगा सीटवर उभा राहिला, डोकं बाहेर काढून शोरूमच्या पंख्याकडे बघत "पप्पा!" म्हणाला. मुलगी म्हणाली, "हीच." मी तक्ता बघितला. सनरूफपुढे टिंब, हिल होल्डपुढे रेघ. बायकोने विचारलं, "दाजींनी सांगितलेली ही नाही ना?" मी म्हटलं, "त्यांना कुठे रोज बघायचीय." संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सांगितलेलंच घेतलं ना?" आणि मी म्हणालो, "हो."

त्या "हो" नंतर त्यांचा आवाज बदलला. इतका आनंद मी त्यांच्या आवाजात पूर्वी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांना सांगू लागले, "आमच्या पाव्हण्यानं ऐकलं. शिकलेला माणूस, पण ऐकलं." मी त्यांचा एकुलता एक गुण आलेला रुग्ण ठरलो.

मग सुरू झाला सनरूफ लपवण्याचा काळ. माणूस बाई लपवतो, बाटली लपवतो. मी छत लपवत होतो. त्यांना पाठवलेल्या प्रत्येक फोटोत गाडी फक्त खिडक्यांपर्यंत. गाडीच्या पूजेला ते येणार म्हटल्यावर मी मुहूर्त दुपारचा सकाळी आणला आणि ते पोचेपर्यंत गाडीवर कव्हर चढवलं, धुळीचं निमित्त सांगून. आळंदीला एका लग्नाला आम्ही चौघं नव्या कपड्यांत कोंबून रिक्षातून उतरलो, तेव्हा ताईंनी भर मांडवात विचारलं, "गाडी घेतल्यापासून तुम्ही रिक्षातूनच जास्त फिरता, काय प्रकार आहे?" मी सर्व्हिसिंगला दिलीय म्हटलं. साडूभाऊ लगेच चिंतेने जवळ आले. "एवढ्यात? काय झालं? मी बोलू का शोरूमशी?" त्यांच्या हातातली जिलबी तशीच राहिली. मला तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी पाणी प्यायला गेलो. गाडीत बसलं की नजर आरशाऐवजी वर जायची. मुलं छत उघडा म्हणायची आणि मी रागवायचो. ज्यांच्या हट्टासाठी घेतलं त्यांनाच ते मिळेना.

एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. साडूभाऊ, आणि सोबत कारखान्यातले त्यांचे एक सहकारी. "ह्यांच्या मिसेस नवीन शिकल्यात गाडी. चढावर घाबरतात," साडूभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "म्हणलं, वाचून कशाला, आमच्या पाव्हण्याच्या गाडीवर दाखवतो. चला खाली."

बायकोने माझ्याकडे बघितलं. "चहा तरी घ्या, दाजी," ती म्हणाली. "आल्यावर घेऊ की." लिफ्टमध्ये मी कारणं शोधत होतो. किल्ली सापडत नाही म्हणावं, तर ती माझ्या हातातच होती. तळघरात अंधार, गाडीचं छत काळं, त्यावर मोशीच्या धुळीचा थर. काच दिसली नाही. शिवाय साडूभाऊंनी नीट पाहिलंच नाही. विश्वासाच्या माणसाची गाडी कोण तपासतं?

मी रॅम्पच्या मध्यावर गाडी नेऊन थांबवली. पाय ब्रेकवर. सहकारी माझ्या खिडकीशी उभे राहिले, माझ्या हातापायांवर नजर ठेवून, त्यामुळे गुपचूप हँडब्रेक ओढायचीही सोय उरली नाही. मी वाट बघत होतो की साडूभाऊ शेजारी येऊन बसतील. ते बसले नाहीत. आरशात बघितलं तर ते गाडीच्या मागे येऊन उभे राहिले होते. बरोबर मधोमध, हाताची घडी घालून.

"भाऊ, तिथे कशाला?" मी ओरडलो.

"अहो, खात्री पटायला नको का ह्यांना? मी मागं उभा हाय. तुम्ही ब्रेक सोडा, दोन आकडे मोजा, मग निघा. गाडी तसूभर मागं येणार न्हाई."

"बाजूला व्हा, भाऊ."

"घाबरू नका हो! गाडी धरती. तुमच्यापेक्षा मला म्हाईत हाय तुमची गाडी." सहकारी हसले. "सोडा साहेब, भाऊंचा भरवसा दांडगा आहे."

मी ब्रेकवरचा पाय आणखी दाबला. आयुष्यात तेवढ्या जोराने मी काही दाबून धरलं नसेल. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता, शाळेच्या स्टेजवरचं पोराचं भाषण ऐकायला बसलेल्या बापासारखा. आता सांगावंच लागणार होतं. माझा हात वर गेला आणि मी बटण दाबलं. काच तिरकी उचलली आणि घरघर करत मागे सरकली. रॅम्पच्या तोंडातून येणारा उजेड माझ्या डोक्यावर पडला.

"अरे वा, ह्याला सनरूफ पण आहे!" सहकारी म्हणाले.

आरशात साडूभाऊंच्या हातांची घडी सुटली. त्यांना कुणी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्यात हे येतं त्यात ते येत नाही, हे या पंचक्रोशीत त्यांच्याइतकं कुणाला पाठ होतं? आपण कशाच्या मागे उभे आहोत हे त्यांना त्याच क्षणी कळलं. ते गाडीला हात न लावता, भिंतीला धरून, हळूहळू बाजूला झाले. मी हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"ह्या मॉडेलात ते येत न्हाई," ते सहकाऱ्यांना म्हणत असल्याचं मला ऐकू आलं. "माझीच गफलत झाली सांगताना. गाडी चांगली हाय."

वर येऊन त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, नेहमीसारखा. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "पोरांना आवडली ना? मग झालं तर."

रागावले असते तर मी सुटलो असतो. त्यांनी माझ्याशी काहीच तोडलं नाही. तोडलं ते माहितीपत्रकाच्या त्या शेवटच्या पानाशी. माझ्या धाकट्या भावाने त्यांना फोन करून कुठली गाडी घेऊ विचारलं, तर म्हणाले, "कुठली बी घ्या. सगळ्याच बऱ्या असत्यात." हे वाक्य भावाने मला सहज सांगितलं आणि मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. कंपनीची नवी गाडी आली, रविवार आला आणि गेला, सिलिंडर घरातून हलला नाही. ताई बायकोला फोनवर म्हणाल्या, "आधी ह्यांचा वैताग यायचा गं. आता घरात इतकी शांतता असते की भीती वाटते."

परवा त्यांना निगडीहून चाकणला सोडत होतो. तळेगाव चौकाच्या अलीकडे नेहमीसारखी गर्दी तुंबलेली. शेजारच्या रांगेत एक लांबलचक ट्रेलर उभा होता, त्यावर दोन मजल्यांत त्यांच्या कंपनीच्या कोऱ्या गाड्या लादलेल्या. साडूभाऊ समोर बघत होते. मी बराच वेळ धीर गोळा केला आणि म्हणालो, "ती वरची पांढरी, टॉप मॉडेल दिसतंय."

त्यांनी मान वळवली. ट्रेलरकडे नाही, माझ्याकडे. "पाव्हणं, तुम्हांला खरंच कळंना झालंय, का मला बोलतं करताय?"

"बोलतं करतोय," मी म्हणालो.

"व्हय ना?" ते म्हणाले, आणि ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू होतं की नाही, सांगता येत नाही. मग त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली आणि ट्रेलरकडे बघत राहिले, एकेका गाडीवर थांबत, सावकाश. सिग्नल सुटला. ट्रेलर हलला आणि हायवेला वळला. त्यांनी काच वर केली. मला मात्र त्या गाड्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या.